दादाच्या खोलीतला पंखा

आमच्या घरातली एक खोली दादाच्या पैशातून बांधलेली आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वय साठीला टेकलं, समज मात्र सात-आठ वर्षांच्या लेकराएवढी. वडील औसा तालुक्यात शिक्षक होते. ते गेले, मागून आई गेली, आणि त्यांची पेन्शन दादाला तहहयात लागली. स्वतःचं स्वतः पाहू न शकणाऱ्या मुलाला सरकार ती देतं. पैसा दादाच्या खात्यावर येतो, पण हात माझा चालतो, कारण लातूरच्या कलेक्टर कचेरीतल्या समितीनं मला त्याचा पालक नेमलं आहे. दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. एका वर्षी मी त्यात ‘दादासाठी स्वतंत्र खोली’ असं लिहिलं, आणि तेव्हा ते खरंही होतं.

मग मुलगी अकरावीला आली. तिला डॉक्टर व्हायचंय. आमच्या गल्लीत बाहेरगावची पोरं क्लाससाठी खुराड्यात कोंबड्या राहाव्यात तशी राहतात. मग घरात खोली असताना आपल्याच पोरीनं टीव्हीशेजारी अभ्यास करायचा का? दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे, असं बायको म्हणाली. मला ते लगेच पटलं, कारण मला पटवूनच घ्यायचं होतं. दादाचं अंथरूण हॉलमध्ये आलं. तो काही बोलला नाही. त्याचं काही न बोलणं आमच्या फार सोयीचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात कचेरीतून फोन आला. समितीच्या मॅडम घरी येऊन पाहणार होत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते उगाच नाही. पोरगी बघायला पाहुणे यावेत तशी आमची धांदल उडाली. पुस्तकं पलंगाखाली ढकलली, खुंटीला दादाचे कपडे लावले, मुलीला क्लासला पिटाळलं. बायकोनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला, वर खोबरंही किसलं. दादाला मी पुन्हा पुन्हा घोकवलं, की कुणी विचारलं तर ही माझी खोली आहे म्हणायचं.

मॅडम आल्या. खोलीत खुर्चीवर बसल्या. दादा पलंगाशी उभाच. बसा म्हटल्यावर त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग पलंगाच्या कडेवर टेकला. खोली कुणाची, असं त्यांनी विचारलं.

“माझी हाय,” तो म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. मॅडमनी पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, “दादा, जरा पंखा लावता का?”

दादा उठला. त्यानं एक बटन दाबलं, बल्ब लागला. दुसरं दाबलं, काही नाही. तो भिंत चाचपत राहिला. पंख्याचं बटन दाराआड आहे, आणि ते त्याला कुठून माहीत असणार? तो पंखा आम्ही मुलगी आत गेल्यावर बसवला. दादा त्या खोलीत होता तोवर जुन्या टेबलफॅनवर भागत होतं.

तो वळला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “लाईट गेली हाय.”

त्यानंच लावलेला बल्ब वर जळत होता. दादा उभ्या आयुष्यात कधी खोटं बोललेला नव्हता. हे मी त्याला शिकवलंही नव्हतं. माझ्यासाठी त्याचं त्यानंच जुळवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी बल्बकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्या रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो, तेवढी जीभ मला आहे. त्यांनी दादाला फक्त असू द्या म्हटलं. सुशीला तसाच राहिला. जाताना दारात मला हळूच सांगून गेल्या, की पुढच्या वेळी फोन न करता येईन.

मी ओसरीत बसून राहिलो. दादा शेजारी येऊन उभा राहिला.

“आता तुला काढत न्हाईत ना?”

पालक म्हणून मला काढून टाकतील, ही भीती फोन आल्यापासून बायको आणि मी रोज हॉलमध्येच बोलून दाखवत होतो, त्याच्या अंथरुणाशेजारी बसून. त्याला काय कळतंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

“न्हाई,” मी म्हणालो. त्याला बरं वाटलं. मग मुलगी घरी यायच्या आत, कुणी न सांगता, तो खुंटीवरचे आपले कपडे काढायला आत गेला.