त्या रकान्यात काय लिहायचं

जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होतो, तेव्हाची गोष्ट. दुसरं वर्ष संपत आलं असताना माझ्या प्रोफेसरांनी मला सहा महिने अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं. इराकचं युद्ध चालू होतं. शेजारच्या अमेरिकन तळावर दिवसभर अवजड विमानं उतरत, आणि व्हिसाचे फॉर्म वाढले होते. पुरुषांना एक जादा फॉर्म भरावा लागे. कुठे कुठे प्रवास केला, कुठे कुठे नोकरी केली, असं बरंच काही त्यात विचारलेलं होतं. त्यातच एक रकाना होता: तुम्ही आजवर ज्या संस्था-संघटनांचे सभासद होता, त्या सगळ्या लिहा.

तिथे माझा हात थांबला.

माझे वडील, अप्पा, सोलापुरात गिरणी कामगार होते आणि लाल बावट्याच्या युनियनचे कार्यकर्ते. कॉलेजात असताना मीही दोन वर्षं त्यांच्या कम्युनिस्ट पक्षाच्या विद्यार्थी संघटनेत होतो. फार निष्ठेने होतो असं नाही. अप्पांचा मुलगा म्हणून मला सभासद करून घेतलं होतं, इतकंच. परीक्षा फी कमी करा म्हणून आम्ही धरणं धरलं, एसटीच्या पासासाठी दोन मोर्चे काढले. पुढे अभ्यास वाढला आणि मी आपोआप गळलो.

प्रोफेसर म्हणाले, रकाना रिकामा सोड, कोण बघतंय. पुण्याचा एक मित्र आमच्याच विभागात होता. तो म्हणाला, लिहिलंस तर गेलास आणि लपवलेलं सापडलं तर कायमचा गेलास. त्यानंतर दहा-बारा दिवस माझं कशात लक्ष लागेना. नमुने ताणून तपासायच्या मशीनवर नमुना लावायचा आणि भार किती द्यायचा तेच विसरायचं. दोन नमुने असे फुकट गेले. मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, ताट घेऊन बसायचो आणि अर्धं टाकून उठायचो.

मी ज्यांच्या घरात वरच्या खोलीत राहत होतो, त्या बाई अमेरिकन होत्या. वय साठीच्या पुढे. तरुणपणी सैनिकांच्या मुलांना शिकवायला म्हणून जर्मनीत आल्या, रेल्वेतल्या एका जर्मन माणसाशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. इंग्रजी बोलतानाही त्यांच्या तोंडात मध्येच ‘आल्झो’ (म्हणजे ‘तर मग’) आणि ‘गेनाऊ’ (‘अगदी बरोबर’) असे जर्मन शब्द यायचे. दर शनिवारी मी त्यांचे पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट तळघरातून वर आणून द्यायचो आणि त्या मला कॉफी आणि केक द्यायच्या. एका शनिवारी मी तो फॉर्म खाली घेऊन गेलो. अमेरिकन आहेत, त्यांना ठाऊक असेल, असं वाटलं.

त्यांनी चष्मा लावून रकाना वाचला. मग कागद टेबलावर पालथा ठेवला आणि आपल्या लहानपणचं सांगू लागल्या.

त्यांचे वडील एका छोट्या गावात हायस्कूलला भूगोल शिकवायचे. महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. शाळेने सगळ्या शिक्षकांकडून लिहून घ्यायला सुरुवात केली, की मी कम्युनिस्ट नाही आणि कधीही नव्हतो. वडील कम्युनिस्ट नव्हतेच. पण मंदीच्या काळात, बेकार असताना, ते कुठल्याशा सभांना गेले होते आणि एका वहीत त्यांनी नाव लिहिलं होतं. ती वही कुठे आहे, कुणाच्या हातात आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सही केली. त्या दिवसापासून घरातलं सगळंच बदललं. फळीवरची काही पुस्तकं वडिलांनी स्वतः तळघरातल्या भट्टीत घातली. कधी चर्चला न जाणारं कुटुंब दर रविवारी पहिल्या बाकावर बसू लागलं. दारावर अमेरिकन झेंडा लागला. आई शेजाऱ्यांशी फक्त हवापाण्याचं बोलू लागली. शाळेत भोंगा झाला की मुलांनी बाकाखाली शिरून डोकं झाकायचं. रशियाने बॉम्ब टाकला तर काय करायचं, त्याची ती तालीम.

“मला बॉम्बची भीती नव्हती वाटत,” बाई म्हणाल्या. “मला वडिलांची वाटायची. ते जेवताना दाराकडे बघायचे.”

त्या अकरा वर्षांच्या असताना, एका दुपारी घरात एकट्या होत्या. पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. हॅट घातलेले दोन गृहस्थ आले, सरकारी चौकशीचे. फार गोड बोलले. एकाने त्यांच्याबरोबर मटारही सोलले. वडिलांचे मित्र कोण, घरी कोण कोण येतं, असं सहज विचारलं.

“आणि मी सांगितलं,” बाई म्हणाल्या. “शाळेतल्या संगीताच्या बाई दर गुरुवारी येतात. बाबा आणि त्या दार लावून बसतात. दार लावायचे, कारण धाकटा भाऊ झोपलेला असायचा. ते दोघं ग्रामोफोन ऐकायचे. पण ते कुणी विचारलंच नाही.”

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा संगीताच्या बाई नव्हत्या. कुठे गेल्या, कुणी बोललं नाही. घरीही नाही. माझ्या घरमालकीण बाईंनी हे नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

मी काय लिहू, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ते मी सांगणार नाही. पण दुसऱ्या कुणाचं नाव लिहू नकोस.”

मी दचकलो. कारण त्याच फॉर्मवर खाली भारतातल्या ओळखीच्या दोन माणसांची नावं आणि पत्ते मागितले होते. तिथे मी कॉलेजातल्या एका मित्राचं नाव लिहिलं होतं. तो अजून संघटनेचं काम करत होता.

दुसऱ्या दिवशी अप्पांना फोन केला. संपात आठ दिवस कोठडीत राहून आलेला माणूस. मला वाटलं होतं, बेलाशक लिही म्हणतील. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “नको लिहूस.”

मी म्हटलं, “अप्पा, तुम्ही असं म्हणता?”

“माझं वेगळं. मी इथे आहे, माझी माणसं आहेत. तू तिथे एकटा आहेस,” ते म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “माझ्यामुळे तुझं अडायला नको.”

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला राग आला. कुणाचा ते कळेना. फोन ठेवला, वर गेलो, नवा कोरा फॉर्म घेतला आणि संघटनेचं पूर्ण नाव लिहिलं. ओळखीच्या माणसांच्या जागी कॉलेजचे प्राचार्य आणि आमचे शेजारी डॉक्टर.

फ्रँकफर्टच्या अमेरिकन वकिलातीत खिडकीपलीकडे माझ्याच वयाचा अधिकारी होता. ही संघटना काय करते, त्याने विचारलं. मी म्हटलं, एसटीचा पास स्वस्त करून घ्यायची. तो थोडा हसला, काहीतरी टाइप केलं आणि कळवू म्हणाला.

रोज टपालपेटी उघडून बघण्यात चार महिने गेले. तोवर प्रयोगशाळेने दुसऱ्याला घेतलं. त्यानंतर व्हिसा आला. उशीर त्या ओळीमुळे झाला की माझ्यासारख्या सगळ्यांनाच होत होता, हे मला कधीच कळलं नाही. विचारायचं कुणाला?

त्या उन्हाळ्यात बाई अमेरिकेला भावाकडे गेल्या आणि संगीताच्या बाईंची चौकशी करून आल्या. त्या वारल्या होत्या. पुतणी भेटली. ती म्हणाली, आत्याने लग्न ठरलं म्हणून नोकरी सोडली असं आम्ही ऐकलं. पण लग्न काही झालं नाही.

हे सांगताना बाईंच्या चेहऱ्यावर मोकळेपणा नव्हता. उलट त्या चिडलेल्या होत्या. कप विसळत होत्या आणि तोच कप पुन्हा विसळत होत्या.

“पन्नास वर्षं,” त्या म्हणाल्या, “आणि तो माझा दोष होता की नव्हता, तेवढंही कुणी सांगू शकत नाही.”

मी पीएचडी संपवून जर्मनीतच नेकारसुल्मला नोकरीला लागलो. अप्पांनी पुढे दोनेक वर्षांनी, मी घरी गेलो असताना, एकदाच विचारलं, लिहिलं होतंस का. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, माझं नाव कुणी विचारलं का. नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि वर्तमानपत्र उघडलं. पण ते वाचत नव्हते. पान उलटलंच नाही.