करपलेला गूळ आणि माझी पीएचडी

पीएचडीच्या पाच वर्षांत माझ्याकडे निष्कर्ष फारसे जमले नाहीत, फजित्या मात्र पोतंभर साठल्या. सत्तरीच्या दशकातली सांगली, आमच्या कॉलेजची केमिस्ट्री लॅब आणि माझा विषय, गुळाला रंग देणारे पदार्थ. पीएचडी झाली तरच तिथली माझी शिकवायची नोकरी टिकणार होती. लॅबचा सगळा कारभार शिपाई नामदेवमामांकडे. ते मूळचे मेढ्याचे, पलटणीतून रिटायर होऊन आलेले.

*

उभ्या काचनळीत पावडर भरून वरून गुळाचं पाणी सोडलं की त्यातले रंग वेगळे होत हळूहळू खाली उतरतात. नळी कोरडी पडू द्यायची नाही, हे मी पोरांना घसा फोडून सांगे. एकदा मीच चहाला गेलो आणि गप्पांत रमलो. परत येतो तर पावडरीला ही भेग, तीन दिवसांची मेहनत वाया.

मामा म्हणाले, "मधीच पाटाचं पानी तोडल्यावर रान भेगाळनारच की, सायेब."

*

वेगळा केलेला पदार्थ ओळखायचं मशीन मुंबईला होतं. मी मामांना ऐटीत समजावलं. आधी पदार्थाची वाफ करायची, तिच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करायचा, कण मोडले की त्या तुकड्यांचं वजन करायचं.

"आदी मोडायचं आन् मग वजन? मार्केट यार्डात आसं केलं तर शेतकरी अडत्याला सोडंल व्हय?"

मी फळ्यावर आकृती काढायला लागलो. ती माझी मलाच कळेना.

*

पहिला नमुना पाठवून चार महिने वाट पाहिली. उत्तर आलं, "नमुना वाफ होण्याआधीच जळाला. मशीन साफ करायला दोन दिवस लागले." गाईड सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मामा बोलले. "गुळाला जाळ जास्ती झाला की त्यो करपतोय, हे कुठलाबी गुळव्या सांगंल. त्येच्यासाठी ममईला कशाला धाडला?"

*

मग सरांनी नमुना न करपता त्याची वाफ होईल अशी प्रक्रिया सुचवली. हा शेवटचा नमुना. फसला तर नोकरी गेली. तो तयार झाला नेमका खंडेनवमीला. मामांनी तराजूपासून बर्नरपर्यंत सगळी हत्यारं पूजेला मांडली होती. मी विज्ञानाचा माणूस, पण इतका घाबरलो होतो की स्वतः पुढे होऊन सगळ्यावर हळदकुंकू वाहिलं, नमुन्याच्या बाटलीवरसुद्धा. हात जोडले आणि त्याच बोटांनी बूच काढून नमुना मुंबईच्या कुपीत भरला.

या वेळी आलेख आला झकास. ३६८ वजनावर भला मोठा सुळका. गुळात आजवर कुणालाच न सापडलेला पदार्थ मला सापडला होता! सरांनी पेढे वाटले, मी प्रबंधात त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक त्या सुळक्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"हा पदार्थ ओळखीचा आहे. प्रत्येक स्वयंपाकघरात असतो. नमुना भरताना तुमच्या हातांना काही लागलं होतं का?"

तेवढ्यात चहा घेऊन आलेले मामा पुढे झाले.

"खंडेनवमी होती, सायेब," ते अभिमानानं म्हणाले. "हळद मीच लावनार होतो, पन आमच्या सायबांनी कुनाला हात लावू दिला न्हाई."