भुईनीम नेणारे सर

"चालते ना, भाऊ." प्रत्येक बोलण्याच्या शेवटी हेच, आणि मान एका बाजूला. चहात माशी पडली, चालते. गाडी पंक्चर झाली, चालते. कॉलेजात दरवर्षी नव्यानं नेमणूक, तेही चालते. मला अशा माणसाची किळस येते. तुम्हीही पाहिले असतील असे, कणाच नसलेले.

तो कॉलेजातला सर ब्रह्मपुरीकडून मोटारसायकलवर आमच्या जंगलातल्या गावी यायचा, भुईनीमासाठी. आम्ही तापावर ज्याचा काढा पितो तो कडूजहर पाला. हा माणूस तो सावलीत वाळवायचा, कुटायचा, स्पिरिटात भिजवायचा, मग स्पिरिट उडवून द्यायचा. एकदा तो अर्क दाखवायला घेऊन आला. पोतंभर पाल्यातून बोटभर काळं चिकट, इंजिनातून खरवडल्यासारखं. वासानंच मला उमासा आला.

"लोखंडाले गंज चढते ना, भाऊ, तसा माणसाच्या आतही चढते. हे त्याले रोखते."

"मंग तुमीच प्या अदुगर," मी म्हटलं. "तुमाले लय चढला आहे."

त्यानं खरंच बोट चाटलं. तोंड वाकडं झालं, तरी हसला. राग म्हणून त्याला यायचाच नाही.

टेकडीच्या उतारावरचा भुईनीम मी त्याला एका अटीवर दाखवला होता. आमच्यात बी झडल्याशिवाय तो मुळासकट कोणी उपटत नाही. तोवर लागेल तेवढा पाला खुडायचा, बस. त्यानं शब्द दिला होता. खुडण्याआधी आमच्यासारखे तांदळाचे दाणेही झाडापुढं टाकायचा, विसरायचा नाही.

मग त्याचे मोठे सर आले, कारनं, पांढरे बूट घालून. कोण्या कंपनीला भरपूर माल दाखवायचा होता. शेंगा अजून हिरव्या होत्या आणि मजूर उपटायला लागले. मी ह्याच्याकडे पाहिलं. ह्याची पुढल्या वर्षीची नेमणूक मोठ्या सरांच्या हाती आहे, हे मला ठाऊक होतं. तरी एक 'नाही' ऐकायला उभा राहिलो.

"सर, बी पडू द्यायला पाहिजे होतं," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"काही नाही, सर. चालते."

मी त्याच्या पायाजवळ थुंकलो. संध्याकाळपर्यंत उतार सोललेल्या कोंबडीसारखा उघडा पडला.

पुढल्या पावसात तिथं नुसतं तरोट्याचं तण माजलं. त्याची नेमणूकही झाली नाही, असं ब्रह्मपुरीहून येणारा जीपवाला सांगून गेला. मला वाईट वाटलं नाही.

एक दिवस तो एकटाच आला. घरी नाही, सरळ उतारावर. दुपारभर उकिडवा बसून तरोटा बाजूला सारत होता. आमच्याकडे परक्यालाही पाणी विचारतात. मी विचारलं नाही. बायको लोटा घेऊन गेली.

"सरले दोन-चार रोपं गवसले," परत येऊन ती म्हणाली. "भवती बोराटीचे काटे लावून राह्यले. हात रक्तानं भरले त्यायचे."

"भरू दे," मी म्हटलं.

त्यानंतर तो आला नाही. रोपं जगली. यंदा बी झडेपर्यंत मी कोणाला हात लावू दिला नाही. शेळ्या आल्या तर दगड मारतो, काटे कुजले तर नवे लावतो. तो दिसला तर बोलणार मात्र नाही.