मारव्याची पेटी

बन्सीलाल गुरुजींची पेटी सव्वीस वर्षांनी दुकानात आली, तेव्हा सलाउद्दीनने ती लगेच उघडली नाही. आधी हात धुतले.

नंदुरबारच्या बाजारात हार्मोनियम दुरुस्त करणारे त्याचे एकच दुकान उरले आहे. ही पेटी त्याच्या बापाने, शमसुद्दीन मिस्त्रींनी, घडवलेली. रनाळ्याचे बन्सीलाल तरुणपणी शाळेत गाणे शिकवायचे आणि संध्याकाळी मिस्त्रींकडे येऊन स्वतः शिकायचे. मिस्त्री कानस चालवता चालवता गात, बन्सीलाल उतरवून घेत. जीव एवढा जडला, की मिस्त्रींनी आपली सगळ्यात गोड पेटी त्यांना देऊन टाकली.

मिस्त्री गेले. दहा वर्षांनी बन्सीलाल गुरुजींचे ‘स्वरचित’ बंदिशींचे पुस्तक निघाले. त्यात मारव्यातली एक बंदिश होती. सलाउद्दीनने ती लहानपणी लाकडाच्या भुशात बसून ऐकली होती. शब्द तेच, चाल तीच. फक्त अंतऱ्यात जिथे मिस्त्रींची ‘शमसरंग’ ही नाममुद्रा होती, तिथे ‘बन्सीरंग’ आले होते.

प्रकाशनाच्या दिवशी भरल्या सभागृहात सलाउद्दीन उभा राहिला. “गुरुजी, हाई चीज मन्हा बापनी शे.”

गुरुजी हसले. माइक सोडला नाही. “भाऊ, तुन्हा बाप पेट्या भारी बनाडे. गानं काही त्यानं काम नही व्हतं.”

सभागृहही हसले. सलाउद्दीन खाली बसला तो त्या दिवसापासून आतून उठलाच नाही. गुरुजी मात्र सावध माणूस. तेव्हापासून त्यांची पेटी दुरुस्तीला सुरतला जायची.

यंदा सुरतचा कारागीर वारला. पेटी घेऊन आली गायत्री, गुरुजींची शिष्या.

“चाचा, रविवारी कार्यक्रम आहे. गुरुजींच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं होतं, त्याच सभागृहात,” ती म्हणाली. “चारशे वर्षांचे बंदिशकार एका संध्याकाळी. आधी तानसेनांचं ध्रुपद, वृंदावनी सारंगात. मग सदारंगांचा ख्याल, भीमपलासात. मग काफीतला एक जुना दादरा.”

“दादरा कुणाचा?”

“रचनाकार अज्ञात.”

“अज्ञात कुणी आपोआप होत नाही, पोरी. नाव कुणीतरी गाळतं. आणि शेवटी?”

“गुरुजींचा मारवा. सूर्यास्ताला.”

सलाउद्दीनने मान हलवली.

मिस्त्री म्हणायचे, तानसेन गेले, बादशहा गेले. पण नाव बंदिशीत बसवलेले, म्हणून गवई ते आजही तोंडाने घेतो. सदारंगांनी तर आपल्या नावाशेजारी बादशहाचेही बसवले. मिस्त्रीचे नाव कोण घेणार? म्हणून ते दोन जागी नाव ठेवत: बंदिशीत आणि पेटीच्या पोटात. त्यांच्या घराण्याची रीतच होती. नवी पेटी तयार झाली, की तिच्यावर पहिली जी चीज वाजेल, ती आतल्या फळीवर पेन्सिलीने लिहायची. खाली नाव, गाव, तारीख. पुढे जो कोणी दुरुस्ती करील, त्याने बिघाड काय होता ते लिहायचे आणि सही करायची. खोटे लिहायचे नाही.

पूर्वी ही पेटी वरवरच्या कामाला येई, आतून सलाउद्दीनने ती कधी उघडली नव्हती. गायत्री गेल्यावर त्याने सुरांची पाटी उचलली. चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

‘मारवा. साँझ ढली, अब कौन पुकारे. शमसरंग बैठा द्वारे.’ खाली, ‘शमसुद्दीन मिस्त्री, नंदुरबार, १४ जानेवारी १९७४.’ त्याखाली सुरतच्या कारागिराच्या गुजरातीत चार सह्या. त्याला गाण्याशी काय घेणे! आणि गुरुजींनी पुस्तकात छापले होते, की ही बंदिश त्यांना १९८५ साली प्रकाशा गावी, तापीच्या घाटावर सुचली.

गवई पेटी वाजवतो, पुसतो, पूजतो. पण कधी उघडून बघत नाही. पन्नास वर्षे गुरुजी त्या फळीवर बोटे फिरवत होते.

रात्री जेवताना त्याने बायकोला, सुरैय्याला सांगितले. ती म्हणाली, “फोटो निकालो, उनके घर जाके दिखाओ. बूढ़ा आदमी है, मान जाएगा.”

“घर में नहीं हँसा था वो.”

“और अब्बा होते तो?”

अब्बा असते तर त्यांनी माफ केले असते, हे दोघांनाही माहीत होते. म्हणूनच त्याला राग जास्त येत होता.

थंडीत नंदुरबारच्या हवेत कापूस उडतो. जिनिंगच्या दिवसांत एखादा तंतू पेटीत शिरतो, पितळी सुराच्या जिभेखाली अडकतो आणि तो सूर मुका होतो. दर हंगामात अशा दहा-बारा पेट्या त्याच्याकडे येत. शनिवारी त्याने गुरुजींची पेटी झकास लावली. भात्याला नवे चामडे घातले. मग चिमट्याने कापसाचा एक तंतू उचलला आणि तीव्र मध्यमाच्या सुरावर अलगद ठेवला. सारंगात, भीमपलासात, काफीत तो मध्यम लागत नाही. मारव्यात लागतोच. पट्टी दाबेपर्यंत तिथून वारा जात नाही, आणि वारा गेला नाही तर तंतू हलत नाही.

चांगली पेटी बिघडवायला त्याचा हात आयुष्यात पहिल्यांदा उचलला गेला. तरी मागे आला नाही.

रविवारी तो पहिल्या रांगेत बसला. खिशात पेचकस, चिमटा, पेन्सिल. गायत्री गात होती, गुरुजी पेटी धरत होते. तानसेन झाले, सदारंग झाले. लोक खूश होते. अज्ञाताच्या दादऱ्याला तर वन्स मोअर मिळाला.

मग गुरुजींनी माइक ओढला. “आता शेवटची रचना. मी पामर, त्या थोरांच्या रांगेत बसायची माझी लायकी नाही...” टाळ्या. गायत्रीने मारव्याचा पहिला सूर लावला. गुरुजींचे बोट मध्यमावर गेले.

फुस्स.

पुन्हा दाबले. फुस्स. मागून कोणी तरी खिदळले. गुरुजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

गायत्री म्हणाली, “सलाउद्दीनचाचा, जरा या ना वर.”

तो चढला, गुरुजींच्या समोर मांडी घालून बसला.

“कापूस शे,” तो म्हणाला. “उघाडनी पडी.”

“ऱ्हाऊ दे, मी चालाडी लेसू.”

“मध्यमशिवाय मारवा, गुरुजी? लोके हसतीन.”

त्याने पेच काढले, पाटी उचलली, आणि फळीवर बोट ठेवले. “गायत्री, मन्हा चष्मा नही शे. काय लिखेल शे, वाच बरं. माइकवर वाच.”

चष्मा त्याच्या खिशातच होता.

गायत्री वाकली. वाचू लागली. ‘साँझ ढली’ला तिचा आवाज सहज होता. ‘शमसरंग’ला अडखळला. तारीख तिने दोनदा वाचली. दुसऱ्यांदा गुरुजींकडे बघत. सभागृहात कोणी हसले नाही. सलाउद्दीनला वाटले होते हसतील. ही शांतता त्याहून बरी निघाली.

“गुरुजी?” गायत्री एवढेच म्हणाली.

गुरुजींचे ओठ हलले. “तो... शिकाडे मले.”

“माइकवर सांगा,” सलाउद्दीन म्हणाला.

गुरुजींनी सांगितले. आवाज बारीक होता, पण माइक चांगला होता.

सलाउद्दीनने चिमट्याने तंतू काढला. आता रीत उरली होती. त्याने पेन्सिल काढली, खिशातला चष्मा सावकाश डोळ्यांवर चढवला आणि बापाच्या ओळींच्या खाली, सुरतच्या सह्यांनंतर लिहिले: ‘कापसाचा तंतू. मीच ठेवला. सलाउद्दीन शमसुद्दीन.’

गुरुजी समोरच होते. उलट्या बाजूने त्यांनी एकेक अक्षर वाचले. तोंड उघडले. सलाउद्दीन थांबला, त्यांना बोलायला पुरेसा वेळ दिला. पण ती ओळ लोकांना दाखवायची, तर पेटी उघडी ठेवायला हवी होती, आणि मग तिच्या वरची मिस्त्रींची अक्षरेही सगळ्यांनी डोळ्यांनी वाचली असती.

गुरुजींनी तोंड मिटले.

सलाउद्दीनने पाटी बसवली, पेच आवळले. “आते वाजाडा,” तो म्हणाला. “आनि गायत्री, अंतरा जसा लिखेल शे तसाच.”

तो खाली जाऊन बसला. गुरुजींनी भाता ओढला. अंतऱ्यात बापाचे नाव आले, तेव्हा सलाउद्दीन फक्त गुरुजींची बोटे बघत होता. ती सुरात होती. चुकायची सोय त्याने ठेवलीच नव्हती.