राहिलेली ओळ

आमच्या प्रयोगशाळेत ताईंना पाठीमागे सगळे शंकासुर म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: नवं रसायन शरीरात जाऊन संप्रेरकांच्या कामात लुडबुड करतं का, ते पाहायचं. संप्रेरक ज्या प्रथिनावर बसतं, त्यावर त्या आधी एक रेणू बसवत, जो तिथे बसला असेपर्यंतच चमकतो. मग रसायन सोडत. त्याने चमकणाऱ्याला उठवून जागा बळकावली, की उजेड उतरतो. उजेड उतरला की समजायचं, रसायन लबाड आहे.

शिवाय तपासणीच्या बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये एक ओळ नुसत्या रसायनाची ठेवत. "मेलं स्वतःच चमकत असेल तर?" आम्ही हसायचो.

निवृत्तीला महिना उरला असताना त्यांचे यजमान आजारी पडले. त्या धावपळीत बाळांच्या दुधाच्या बाटल्यांसाठीचं एक रसायन तपासायला आलं, आणि नेमकी ती ओळ भरायची राहिली. उजेड उतरला नाही. अहवाल गेला: निर्धोक.

आठवड्याने उरलेली कुपी टाकून द्यायला त्यांनी उचलली, तर खिडकीच्या उन्हात ती हिरवट चमकली. त्याच दुपारी त्यांनी ओळीसकट पुन्हा तपासणी केली. रसायनाचा स्वतःचा उजेड वजा केला, तर खरा उजेड पार उतरलेला होता.

आमचे साहेब तसे भले. म्हणाले, "अहवाल मागे घेऊ. कारण लिहू, यंत्रात बिघाड. इतक्या वर्षांत तुमच्या नावाला डाग नाही, जाता जाता कशाला?" मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू?

"यंत्राला जे दिसलं ते त्याने सांगितलं," ताई म्हणाल्या. "बिघाड लिहिलात तर लोक यंत्र दुरुस्त करतील. ओळ भरली होती का, हे कोणी विचारणार नाही. उद्या दुसरं कोणी विसरेल."

कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं: नुसत्या रसायनाची ओळ भरली नाही, चूक माझी. खाली सही केली. मला माझीच लाज वाटली.

त्यांचं निरोपाचं पत्र मीच टाइप केलं. वरून आलेल्या मसुद्यात 'निष्कलंक सेवा' हे नेहमीचे शब्द खोडलेले होते. ताईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं.

"बाटल्या थांबल्या ना?"

"थांबल्या."

"मग झालं तर," असं म्हणून ताई रडल्या.