ऑर्लिनची मोरी

हॅल्वर्डनमध्ये कुणी कशालाच वाईट म्हणत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात डोळ्यांच्या पापण्या गोठल्या तरी माणसं 'जरा गारवा आहे' म्हणतात, आणि जेवण फर्मास झालं तर 'फारसं वाईट नव्हतं'. ऑर्लिन स्कार याच मातीतला. एकतीस वर्षं त्याने काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवला आणि कधी हूं की चूं केलं नाही.

त्याच्या वाट्याला काउंटी रोड नऊ होता. पूर्वी तो शेतांमधून जायचा. मग गाव वाढलं आणि रस्ता गावाच्या पोटात आला. काउंटी म्हणाली, घरं तुमची, तर रस्ताही तुम्हीच सांभाळा. गावची कौन्सिल म्हणाली, विचार करू. हा विचार चौदा महिने चालला. दर दुसऱ्या मंगळवारी पाच सभासद रूबार्बच्या आंबटगोड वड्या खात हे भिजत घोंगडं उलटंपालटं करून बघायचे आणि पुन्हा भिजत घालायचे.

ऑर्लिन मागच्या खुर्चीत बसून ऐकायचा. त्याला जे ठाऊक होतं ते त्या पाचांना नव्हतं. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणाऱ्या मोरीचा पाइप एका पुरात दबला होता आणि ऑर्लिनने स्वतःच खाली रेल्वेचं जुनं लाकूड ठोकून त्याला टेकू दिला होता. तात्पुरता. त्याला सव्वीस वर्षं झाली होती. तेव्हाचे साहेब वारले, लाकूड कुजलं, आणि शाळेची बस रोज दोनदा त्यावरून जात राहिली. दर वसंतात ऑर्लिन काउंटीच्या ऑफिसात सांगायचा. आधी उत्तर मिळायचं की पुढच्या वर्षी बघू, आणि हल्ली की रस्ता आता गावाच्याच ताब्यात जाणार आहे.

"मंगळवारी मतदान आहे," काउंटीचा इंजिनिअर कर्ट त्याला म्हणाला. "तू जाऊन बस हवं तर. पण मोरीचं काही काढू नकोस. सहा महिन्यांत रिटायर होतोयस, निरोपाचा केक खायचाय ना?"

"कर्टचा केक दुकानातला असतो," घरी त्याची बायको मार्लिस म्हणाली.

"लाकूड मीच ठोकलंय गं."

"म्हणून तर तूच सांगायचं. बसमध्ये तीस पोरं असतात, ऑर्लिन."

मीटिंगमध्ये कुणाही गावकऱ्याला बोलायला तीन मिनिटं मिळतात. मेयर ड्वेन अंडी उकडायचं घड्याळ लावून बसतो. ऑर्लिन उठला, नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि दोन मिनिटं आपल्या टोपीकडे बघत उभा राहिला. घड्याळ टिकटिकत होतं.

"ती ओढ्यावरची मोरी," तो शेवटी म्हणाला. "बघून घेतलेली बरी. लवकर. खालचं लाकूड माझं आहे."

हॅल्वर्डनमध्ये हे म्हणजे आगीची घंटा बडवण्यासारखंच. कुणाचा तरी वडीचा घास हातातच राहिला. कर्टने आपल्या बुटांची पाहणी सुरू केली.

"थँक्यू, ऑर्लिन," ड्वेन म्हणाला आणि त्याने मतदान घेतलं. पाचही मतं रस्ता घेण्याच्या बाजूने पडली, कारण रस्त्याबरोबर काउंटी एक जुना ट्रक फुकट देत होती, आणि फुकटचं कोण सोडतो? मोरीची पाहणी तीन वर्षांनी करायचं ठरलं. आणि एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल मोरीला ऑर्लिन स्कार यांचं नाव द्यायचं ठरलं. त्यावर टाळ्याही पडल्या. ऑर्लिनला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तो रिटायर झाला. केक दुकानातलाच होता.

शरदात हिरवी पाटी लागली, तेव्हा तो चालत बघायला गेला. सुरेख अक्षरांत त्याचं नाव होतं, बरोबर त्या कुजक्या लाकडाच्या वर. तेवढ्यात शाळेची बस आली आणि पाटीच्या अलीकडेच थांबली. दार उघडलं. पोरं उतरली, कडेकडेने रांगेत मोरी ओलांडून गेली. मागून रिकामी बस गोगलगायीसारखी आली, आणि पोरं पुन्हा चढली.

"पाय मोकळे होतात त्यांचे," बस चालवणारी फिलिस खिडकीतून म्हणाली.

"कधीपासून?"

"झाले सहा महिने." तिने नजर दुसरीकडे वळवली. "दुधाचा टँकर पण हल्ली लांबून जातो. तिकडचा देखावा बरा आहे म्हणे."

म्हणजे मीटिंगच्या त्या रात्रीच सगळ्या गावाला मोरीचं कळलं होतं. ऑर्लिनला आधी लाज वाटली, मग गावाचा अभिमान वाटला, आणि मग पुन्हा लाज वाटली.

"पाटी कशी आहे?" मार्लिसने विचारलं.

"फारशी वाईट नाही."

त्याने गमबूट चढवले आणि शेडमधली ओकची जाड तुळई ओढत आपल्या गाडीत टाकली.

"कौन्सिलला विचारलंस?"

"विचारलं तर तीन वर्षं लागतील."

"मग या वेळी पक्कं करतोयस ना?"

ऑर्लिनने घण उचलून तुळईशेजारी ठेवला.

"तात्पुरतं," तो म्हणाला.