कॉलर माइकची रेंज

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर हसण्यावारी नेल्या. नोएडात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो... स्वतः तपासल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा माझा खाक्या. तरीही हे लिहितोय.

गेल्या मे महिन्यात आमच्या मराठी मंडळाचं नाटक होतं. दिल्लीत मुनिरकाजवळचा एक जुना हॉल भाड्याने घेतला होता. तिथले माइक निम्मे संवाद गिळायचे, म्हणून बजेटमध्ये बसणारा दोन वायरलेस कॉलर माइकचा एक सेट ट्रायलला मागवला. स्वस्त माइक मोकळ्यात छान चालतात, भिंत मध्ये आली की आवाज तुटतो. म्हणून रविवारी दुपारी मुख्य भूमिका करणाऱ्या वैदेहीताईंना माइक लावून स्टेजवर उभं केलं आणि रिसीव्हर-हेडफोन घेऊन मी स्टेजखालच्या स्टोअरमध्ये उतरलो.

दार मागे धाडकन लागलं. आतून हँडलच नव्हतं.

खिडकी नाही. फोनला नेटवर्क नाही. कानात मात्र ताईंचा आवाज स्वच्छ — "मंदार, पोचतंय का रे? अजून बोलू?" मी ओरडलो, दार बडवलं. पण माइक त्यांच्याकडे. मी फक्त ऐकू शकत होतो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "गेला वाटतं बाहेर. चलो, चहा घेऊन येते."

टक्. माइक बंद. मग काहीच नाही.

शर्ट घामाने चिकटला. बंद जागेची आपल्याला इतकी भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं. "कोणी आहे का?" मी पुटपुटलो.

"आहे ना."

हेडफोनमध्ये! वयस्कर बाईचा आवाज... ताईंचा नव्हेच.

"खाली बस. फरशी गार आहे."

बसलो. खरंच गार होती.

"कोण तुम्ही? दार उघडा ना, प्लीज!"

"मला कुठे उघडतंय ते... तू बोलत राहा. बरं वाटतं."

घाबरायला हवं होतं. उलट तिने गप्प होऊ नये, एवढंच वाटत होतं. नोकरी, आईचं आजारपण, काहीबाही बोलत राहिलो. ती मधूनमधून "हं" म्हणायची.

पाऊण तासाने चौकीदाराने दार उघडलं. "अरे साहब, ये अंदर से खुलता ही नहीं!" आत उजेड आला, तशी ती घाईघाईने म्हणाली, "दार लावू नका हं... थांबा जरा..."

मी हेडफोन फेकून पळालो. मागे दार लागल्याचा आवाज आला.

बाहेर ताईंच्या हातात माइकची डबी होती. दोन्ही माइक आत, बंद. "चहाला जातानाच ठेवले की रे मी!"

दुसरा कुठला तरी सिग्नल घुसला असेल, असं ऑफिसातले म्हणतात. असेलही. पण माझ्याकडे माइकच नव्हता, मग माझ्या प्रश्नांना उत्तरं कशी आली? चौकीदाराला विचारलं, त्यालाही काही माहीत नाही.

आठवड्याने पुन्हा गेलो. स्टोअरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जुने पडदे, बाकी कुणी नाही. दार लागू नये म्हणून वीट लावून तासभर बाहेर थांबलो. काहीच घडलं नाही.

निघताना वीट काढायला हात पुढे झाला नाही.